उरेब

क्रेप आणलंत तर आधी बादलीत बुडवेन,
कुरकुर करायची नाही.
याचं सूत विणायच्या आधीच इतकं पिळलेलं असतं
की पाणी लागताच अंग चोरतं,
मीटरमागे चार बोटं सहज.
तुमच्या अंगावर चोरण्यापेक्षा
माझ्या मोरीत चोरू दे.

कोपरखैरण्यात, सिडकोच्या दहा बाय बारात
सत्तावीस वर्षं मशीन मारतेय.
उभं राहणं या कापडाला ठाऊक नाही.
ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत नोकरी लागलेली एक पोर
काळ्या क्रेपचा कोट शिवा म्हणाली.
शिवला. गळपट्टीत बकरम, खांद्यात पॅड, छातीला पुन्हा बकरम.
कोट झाला,
क्रेप गेलं.

पलाझो शिवा, कळ्यांचा कुडता शिवा,
कमरेखाली सोडून दिलेलं काहीही.
प्लीट्स नकोत. इस्त्रीला हो म्हणतं
आणि जिना उतरेपर्यंत विसरतं.
साडीच्या निऱ्या मात्र ध्यानात ठेवतं.
का, ते मला विचारू नका.

मग कुंदा मढवी आल्या, घणसोली गावातल्या.
बसच्या कंडक्टर. अठ्ठावीस वर्षं खाकी.
जांभूळ खाऊन झाल्यावर बीवर उरतो
त्या रंगाचं मॉस क्रेप, साडेतीन मीटर,
पिशवीत गोळा करून.
"निरोपाचे कार्यक्रमाला लांब झगा शिव.
न् खिसं पायजेत, बायो. दोन. खोल."

मी समजावलं. खिशात वजन पडलं की
हे ओघळतं, बाजूची शिवण खेचली जाते,
फॉल सगळा मातीत.
त्यांनी ऐकून घेतलं,
सुट्टे नसलेल्या प्रवाशाचं ऐकतात तसं.
"खाकी कशी, काढून ठेवली तरी आपली उभी ऱ्हाते.
मना आता उभा ऱ्हायचा नाय."

उरेब कापलं. म्हणजे तिरपं,
ना उभ्या धाग्याचं, ना आडव्या.
खाली वर्तमानपत्र, नाहीतर कात्रीखालून पळतं.
नऊ नंबरची सुई, हात सैल.
खिसे कापडाला लावलेच नाहीत.
कमरेच्या आतून सुती पट्टी फिरवली
आणि दोन्ही तिला टांगले.
चिल्लर पट्टीने वाहायची,
क्रेपने वरून नुसतं कानाडोळा करायचा.
सासरे तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलायचे,
पंचा आवळून.
भार कमरेनं घ्यायचा, म्हणायचे,
पाठीला कळू द्यायचा नाही.

उरेब कापलेलं लगेच दुमडू नये.
रात्रभर टांगावं,
किती उतरायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यावं.
सकाळी डावीकडे तीन सूत खाली आलं होतं.
उजवीकडे एक.

ट्रायलला आरशासमोर
त्यांचे पाय आपोआप फाकले,
एक हात वर गेला, नसलेल्या दांडीला.
दुसरा खिशात.
मग एकदम वळल्या, पुढे चला म्हणायला वळावं तशा,
आणि झगा त्यांच्यामागून वळला
अर्ध्या क्षणाने,
नडगीला लागला, थांबला.

परत वळल्या.
परत.
चौथ्या वेळी मी टाचण्यांच्या डबीत बघत बसले.
"बाय गो," त्या म्हणाल्या,
"यो माझे मागशी येतंय."

शिलाई साडेआठशे. जुन्या चामड्याच्या बॅगेतून
त्यांनी मोजून दिले, पन्नास रुपये नाण्यांत.
मी म्हटलं, नाणी आता खिशात ठेवा,
झेपेल असे शिवलेत.

"त्यान कायच नाय ठेवायचा," म्हणाल्या.
"नुसतं हात."

आणि मी ती पट्टी
दोनदा टीप मारून घेतली होती.